नात्यातला

चर्चचे पाळकसाहेब आपल्या नव्या मंडळीतल्या चौघांना घेऊन तुरुंगात प्रार्थनेला गेले. “यांना कोणी विचारत नाही, आपण विचारायचं,” असं त्यांनी वाटेत सगळ्यांना बजावलं होतं. एकेका कैद्याच्या डोक्यावर हात ठेवत पुढे जाताना ते अचानक थांबले. समोर त्यांचाच मुलगा उभा होता. त्याला या तुरुंगात हलवल्याचं त्यांना माहीत नव्हतं, आणि मंडळीत तर तो परदेशात नोकरीला असल्याचं त्यांनी सांगितलं होतं.

“आडनाव तुमचंच आहे की! नात्यातला का?” शिपायाने विचारलं.

पाळकसाहेबांनी मागे वळून मंडळीतल्या चौघांकडे पाहिलं.

“नाही हो, यांना मी आजच पाहतोय,” मुलगाच म्हणाला. मग त्यांच्यापुढे गुडघे टेकून हळूच पुटपुटला, “हात ठेवा ना पप्पा, सगळे बघताहेत.”