चौथी तार

चिपनं पुन्हा शून्यच दिलं. प्रफुलनं कपाळ पुसलं आणि प्रोग्राम परत चालवला. शून्य.

पेटी त्यानंच बनवली होती. जंगलातल्या कॅमेऱ्याला वाघ दिसला की रेडिओवर खबर येई आणि घरावरचा भोंगा गावभर बोंबले. वाघानं बाबाला नेलं, तेव्हापासून त्याच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. पॉलिटेक्निकचं सगळं शिक्षण त्यानं या एका कामाला लावलं होतं. आणि आता रेडिओची चिप पेटीतल्या बोर्डाशी बोलेना. चार तारांवरचं ते बोलणं. बोर्ड विचारी, चिप गप्प. त्यानं वेग कमी करून पाहिला, चिप बदलली, प्रोग्राम नव्यानं लिहिला. मुक्याशी भांडण नुसतं.

माय, प्रेमिलाबाई, टोपली घेऊन दारात थांबली होती. मोहफुलं वेचायला उजाडतानाच निघावं लागतं, नाहीतर रानडुकरं काही ठेवत नाहीत. मागच्या आठवड्यात भोंगा वाजला, फॉरेस्टवाल्यांनी रस्ता बंद केला आणि झाडाखालचा सगळा मोह सडला.

"राहू दे ना बाबू," ती म्हणाली. "झाडाचा मव्हा पडून राह्यला तवरी तरी चूप राहू दे त्या भोंग्याले."

"चूप राहून कसं चालन, माय? तू एकटी नको जाऊ तिकडं."

"दुसऱ्याच्या झाडाखाली जाऊ का मंग?"

गावात ज्याचं त्याचं मोहाचं झाड ठरलेलं. त्यांच्या घराचं नाल्यावरचं. बाबाला वाघानं त्याच झाडाखालून नेलं होतं. माय निघून गेली.

ऊन वर आलं. प्रफुलनं हात टेकले. शेवटचं म्हणून मीटर घेतला आणि एकेक तार तपासली. तीन तारांवर मीटर वाजला, चौथीवर वाजला नाही. काखेत कळसा अन् गावाला वळसा. वरून पाहिलं तर तार जागच्या जागी होती. टोकाच्या प्लास्टिकमधली पिन मात्र मोडलेली, आणि प्लास्टिक परत नीट बसवलेलं. बोटाला काहीतरी चिकट लागलं. त्यानं हुंगून पाहिलं. मोहाचा वास.

या दिवसांत तो वास गावातल्या सगळ्याच हातांना असतो. पण पेटी त्याच्याच घरात होती. त्याला मायचा राग आला आणि रागापाठोपाठ रडूही आलं.

त्यानं नवी तार लावली. चिप बोलली. अडकून पडलेली खबर लगेच आत आली. पोच मिळेपर्यंत कॅमेऱ्यानं तीच खबर पुन्हा पुन्हा पाठवत राहावी, ही सोय त्याचीच. पडद्यावर उमटलं: कॅमेरा तीन, वाघ.

छपरावर भोंगा ओरडू लागला. बाया पोरांना घरात ओढू लागल्या. भोंगा गावासाठी होता. नाल्यापर्यंत त्याचा आवाज पोचत नसे. प्रफुल अनवाणीच धावत सुटला. तिसरा कॅमेरा त्यानं स्वतःच्या हातानं नाल्यावरच्या मोहाला बांधला होता.