पांढऱ्या घोडीचा शॉट

रविवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, राजापेठेतल्या एका ट्यूशन क्लासच्या हॉलमध्ये, पडद्यावरची पांढरी घोडी तिसऱ्यांदा कोसळली. पुढचे दोन्ही पाय एकदम दुमडले, मान जमिनीला लागली, पाठीवरचा डाकू हवेतून पुढे फेकला गेला. साठ-सत्तर लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पहिल्या रांगेतल्या बुधाजींनी तिन्ही वेळा खाली पाहिलं.

मारधाडीच्या जुन्या सिनेमांमागच्या गोष्टी सांगणारं चॅनेल ललित चालवतो. सत्तेचाळीस वर्षांपूर्वी चिखलदऱ्याच्या पठारावर घेतलेल्या या शॉटमधली घोडी दर्यापूरच्या बुधाजींची होती, हे त्यानेच शोधून काढलं. आज त्यांचा सत्कार होता. सोबत नात पिंकी आली होती. आबांची घोडी पुढे मुंबईला सिनेमात गेली, हे तिने शेजारी बसलेल्या बाईंना सांगूनही झालं होतं.

"ही घोडी वरातीत नाचायची," ललित माइकवर म्हणाला. "म्हणूनच पडायलाही इतकी लवकर शिकली. खरचटलंसुद्धा नाही तिला. बाबा, सांगा बरं, कशी शिकवली?"

घरी कोणी हे विचारलं की बुधाजी हसून विषय बदलत. आता त्यांनी माइक घेतला.

"शिकवली नोती. तार होती."

मागे कोणीतरी हसलं.

"पुढच्या पायायले तार. दुसरं टोक जमिनीत गाडलेल्या खुट्याले. तार संपली का घोडी पडन. मानूस जिथं पडन तिथली माती खोदून भुसभुशीत केली होती. घोडीखाली मुरूम होता."

"पण तार बांधताना ती बिथरली नाही?" ललितने विचारलं.

"बिथरली ना. दोघायले लाता मारल्या. मंग मले बलावलं." बुधाजींनी माइक दुसऱ्या हातात घेतला. "वरातीसाठी मी शिकवलं होतं तिले. मी 'पाय' म्हटलं का पाय उचले. मी 'पाय' म्हटलं. तिनं देल्ला. पयले उजवा, मंग डावा."

"आबा," पिंकी जागेवरूनच म्हणाली, "तुमाले मालूम होतं?"

"पडन, हे मालूम होतं. उठन, असं सिनेमावाले म्हनले."

"आन् मुंबई?"

"मुंबईले कोनी गेलं नाई. तुया आजीलेबी मी मुंबईचंच सांगतलं होतं."

ललितने प्रोजेक्टर बंद करायची खूण केली. हॉलमध्ये कोणी उठलं नाही.

"दोनी पाय गेले होते," बुधाजी पुढे बोलू लागले. त्यांचा आवाज तसाच सपाट होता. "शॉट सकाळी नऊचा. परतवाड्याहून डाक्टर येईस्तोवर साडेतीन वाजले. तवरिक ती तशीच. मी जवळ बसून. तीस-पस्तीस बंदुका होत्या तिथं. तिची सुटका कराले एकबी खरी नोती."

त्यांनी माइक टेबलावर ठेवला. सत्काराची शाल ललितच्या हातात घडीतच होती. ती आता पांघरावी की नाही, हे त्याला ठरवता आलं नाही.

पिंकीने आबांच्या कोपराला धरून त्यांना खुर्चीवर बसवलं. मग ती ललितकडे वळली.

"हे चॅनेलवर टाकसान ना?"

"पाहू, ताई," तो हळू म्हणाला. "लोकायले तो शॉट लई आवडते."

"म्हनूनच म्हनून राह्यली मी."

कॅमेरा तेव्हाही चालू होता. रेकॉर्डिंग एक्केचाळीस मिनिटांचं आहे. बुधवारी संध्याकाळपर्यंत ते चॅनेलवर आलेलं नव्हतं.