अर्धा जिना

बायपासचे टाके वाळले होते, तोंडाला चव आली होती. सपाट रस्त्यावर तर आप्पा मुलालाही मागे टाकायचे. पण घरातला माडीचा जिना चढायची वेळ आली, की रोज अर्ध्यावरच कठडा धरून मटकन खाली बसायचे.

"आप्पा, नाडी ठीक आहे, दमही लागलेला नाही. मग घोडं अडतंय कुठे?" व्यायाम करून घ्यायला येणारी फिजिओथेरपिस्ट वैतागायची.

"नाही गं जमत, पोरी." मग आप्पा खाली उभ्या असलेल्या मुलाला विचारायचे, "तुझी आई अजून मावशीकडेच का रे?"

"हो... मावशीला बरं नाही ना. आधी तुम्ही जिना तर चढा, मग बघू." मुलगा दुसरीकडे बघत म्हणायचा.

"राहू दे तिला. बहीण भेटली की तिला घराची आठवण कुठली!" आप्पा हसायचे आणि त्याच पायरीवरून माघारी फिरायचे.



हॉस्पिटलमध्ये आप्पांचा डोळा लागलाय असं समजून डॉक्टर मुलाला म्हणाले होते, "आई गेल्याचं त्यांना इतक्यात सांगू नका, एक जिना चढण्याइतकी ताकद येऊ दे, मग सांगा."