त्याच विहिरीत

त्रिशलाकाकीनं आदल्या संध्याकाळी शेंदलेलं विहिरीचं पाणी सकाळी गाळलं. फडक्यात अडकलेले बारीक जीव मरू नयेत म्हणून जैनाघरी ते त्याच विहिरीत परत सोडतात. फडकं तांब्यात खळबळून ती काठावर गेली, तर रातोरात साखर कारखान्याच्या डिस्टिलरीचं सांडपाणी शिरून विहीर काळीतांबडी झालेली. मासे उलटे तरंगत होते.

दुपारी कारखान्याचे साहेब आले. "मळीपासून इथेनॉल केलं की असं घाण पाणी फार निघतं. पुढं आपण थेट उसाच्या रसापासून करणार, मग बरंच कमी होईल. दोन वर्षं कळ काढा."

काकीनं सकाळपासून हातातच धरलेला तांब्या पुढं केला.


"तंवर ह्यास्नी कुठं ठिवू, साहेब?"