एका वेळी एकच
औषधांच्या चाचण्या घेणारी लेक सकाळपासून स्वयंपाकघरात येरझारा घालत होती. वडिलांच्या हृदयासाठी कुणा बुवाने दिलेले थेंब तिने तीन महिन्यांपूर्वी मोरीत ओतले होते आणि तेव्हापासून बाटलीत ती नळाचं पाणी भरत होती. थेंबांविना काही बिघडत नाही, हे आज ती त्यांना पुराव्यानिशी दाखवणार होती. तेवढ्यात वडीलच बाटली नाचवत आले. “हरलीस बाई! तूच म्हणतेस ना, कशाने गुण आला ते कळायला एका वेळी एकच औषध घ्यावं? मग मीही चाचणी घेतली. थेंब चालू ठेवले, डॉक्टरांच्या गोळ्या बंद. तीन महिने झाले, बघ कसा टुणटुणीत आहे!” त्यांनी गोळ्यांची न फोडलेली पाकिटं टेबलावर टाकली. तिने झटकन त्यांचं मनगट धरलं. “नाडी कसली बघतेस?” म्हणत त्यांनी दुसऱ्या हाताने चार थेंब जिभेवर सोडले.