स्किपरची घसरगाडी

१९८७ सालचा हिवाळा, मिनेसोटातलं डुलुथ. मार्लिस रोज सकाळी कुत्र्याला फिरायला न्यायची आणि कोपऱ्यावरचा म्हातारा आर्विड दारातून हाक मारायचा, "या स्किपरराव! मालकीणबाईंनाही आणा, कॉफी तयार आहे." मग तासभर त्याच त्या गोष्टी. तळ्यातले मासे आणि वारलेली बायको.

तोंडावर 'कंटाळा आला' म्हणायची त्या गावात रीत नव्हती. म्हणून एकदा मार्लिस म्हणाली, "आता नाही जमायचं हो आर्विड. स्किपरची कंबर धरलीय, इथवर चालवत नाही त्याला."

"अरेरे, बिचारा!" म्हातारा हळहळला. मार्लिस दुसऱ्या दिवसापासून मागच्या गल्लीनं फिरू लागली.

रविवारी आर्विड तिच्या दारात उभा. बोटांना पट्ट्या, मागे बर्फावरून ओढायची नवीकोरी घसरगाडी आणि तिच्यात बायकोच्या कोटाची गादी. "घे, घरीच केली. आता याला बसवून आणत जा. चालायला नको त्याला."

मार्लिसची मान वर होईना.

मार्चमध्ये आर्विड गेला, स्किपर पुढे सहा वर्षं सशांमागे धावला. पण त्या हिवाळ्यात मार्लिसनं त्या धडधाकट कुत्र्याला रोज गाडीत बसवून आर्विडच्या दारापर्यंत ओढत नेलं.