मेंढरांची वाट

"सर, अण्णांची मेंढरं बर्फाच्या समुद्रात गेलीत!" पडद्यावरच्या नकाशाकडे बघत माझी विद्यार्थिनी रडवेली झाली होती.

विद्यापीठाच्या नकाशा-लॅबमध्ये ही चूक मी रोज बघतो. उलट्या भरलेल्या अक्षांश-रेखांशांच्या रकान्यांची अदलाबदल केली, तसे तिनं मोबाइलवर नोंदवलेले कळपाचे मुक्काम फलटणपासून कोकणापर्यंत ओळीनं बसले.

यंदा त्या वाटेत कुणीतरी कुंपण घातलं होतं आणि तहसीलदार जुन्या वाटेचा पुरावा मागत होते. "पण हे ठिपके तर गेल्याच वर्षीचे," मी म्हणालो.

शेजारी उभ्या अण्णांनी एका ठिपक्यावर बोट ठेवलं. "कुंपण हितं हाय. आन् हिचा जन्मबी हितंच, पालात झालाय."

ती वडिलांकडे बघतच राहिली. मग तिनं घाईघाईनं बॅग उघडली. "सर, तिथल्याच ग्रामपंचायतीचा जन्मदाखला आहे माझा. बावीस वर्षांपूर्वीचा!"